पोल्दोची खिडकी

सिप्रियानोने काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताची दोन बोटं दगडांमधल्या फटीवरून आडवी फिरवली आणि म्हणाला, "हा माझा."

जोनेलने फळीला लावलेल्या कागदावर लाल पेन्सिलीने रेघ ओढली. कागदावर त्याच भिंतीचा फोटो होता, दगड न् दगड मोजता येईल एवढा मोठा.

"कुठून कुठपर्यंत, आजोबा?"

"ह्या काळपट दगडापासून त्या कोपऱ्यापर्यंत. खालचे तीन थर सोड. ते त्यांचे."

त्यांचे म्हणजे कुणाचे, हे जोनेलने विचारलं नाही. हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ह्या कोरड्या खोऱ्यात ही दगडी गावं उभी केली आणि मग एक दिवस चुली विझवून नदीकडे निघून गेले, त्यांच्याबद्दल सिप्रियानोच्या गावात असंच बोलतात. शेजारच्या खोलीत कुणी पडलेलं असावं अशा आवाजात. आल्या आल्या त्याने शर्टाच्या खिशातून मक्याच्या पिठाची चिमूट काढून उंबऱ्याशी सोडली होती आणि ओठातल्या ओठात आपलं, लेकीचं आणि जोनेलचं नाव सांगितलं होतं. न सांगता कुणाच्या घरात शिरायचं नसतं.

लेक, वर्लीन, भिंतीच्या हातभर सावलीला पाठ टेकून उभी होती. सोमवार ते शुक्रवार ती शाळेची बस चालवायची, आणि आज शनिवारी पुन्हा तीन तास चाक तिच्याच हातात. त्यातला शेवटचा तास पन्हाळी पत्र्यासारख्या कच्च्या रस्त्याचा. तो रस्ता अजून तिच्या मनगटात थरथरत होता.

"बाबा, घोटभर पाणी घ्या."

"मोजून प्यायला सांगितलंय डॉक्टरने."

"मोजूनच आणलंय."

त्याने घोट घेतला, तोंडात धरला, मग गिळला. आठवड्यातले तीन दिवस यंत्र त्याचं रक्त धुवायचं. उरलेले चार दिवस मी माणूस असतो, असं तो म्हणायचा. आजचा दिवस त्या चारातला होता, आणि तो ह्या भिंतींना द्यायला त्याने दोन वर्षं लावली होती. जोनेल ह्या राष्ट्रीय उद्यानात भिंती राखायच्या कामावर होती. दोन वर्षांत तिची सहा पत्रं आली. सहाही त्याने वाचून घडी घालून फ्रीजवर ठेवली. सातव्या खेपेला ती स्वतःच गावात आली, ओट्यावर बसली आणि कॉफी मागून घेतली.

"मला भिंत वाचता येत नाही, आजोबा," ती तेव्हा म्हणाली होती. "तुम्ही लोकांनी एवढं बेमालूम बांधलंय, की जुनं कुठलं आणि तुमचं कुठलं तेच कळत नाही. कागदोपत्री एवढंच आहे, की पश्चिमेच्या ओळीत डागडुजी केली. प्रत्येक फट खरवडून बघायची म्हटलं, तर माझं लग्न व्हायचं राहील."

ही तशी स्तुतीच होती. पण सिप्रियानोला ती कानशिलात बसल्यासारखी वाटली होती.

कारण त्या बेमालूमपणातच सगळी चूक होती. तरुणपणी तो आणि त्याच्यासारखे दहा-बारा गवंडी इथे उद्यानाच्या कामावर होते. ढासळलेल्या भिंती पुन्हा बांधायच्या, दगड तेच, थर तसेच, फक्त मातीच्या जागी सिमेंट. दिसायला माती दिसावी म्हणून त्यात तांबडी धूळ कालवायची. मुकादम सांगायचा, एकदा करा, पुन्हा हात लावायला नको. आणि खरंच पुन्हा कुणी हात लावला नाही. पण दगड मऊ, सिमेंट कडक. बर्फाचं पाणी भिंतीत शिरायचं, त्याला फटीतून बाहेर पडता यायचं नाही, मग ते दगडातूनच वाट काढायचं, आणि हिवाळ्यात आतल्या आत गोठून दगडाचे पापुद्रे काढायचं. पन्नासाहून जास्त हिवाळे झाले. आता कित्येक ठिकाणी दगड आत गेले होते आणि सिमेंटच्या रेघा उपाशी जनावराच्या बरगड्यांसारख्या वर आल्या होत्या. ह्या बरगड्यांनी शेजारचे त्यांचे दगडसुद्धा खायला घेतले होते. म्हणून जिथे जिथे सिमेंटने बांधलंय तो भाग उतरवायचा आणि मातीत पुन्हा रचायचा, असं ठरलं होतं. ते कुठे कुठे आहे, हे सांगणारा एकच माणूस उरला होता.

"हा माझा," सिप्रियानो म्हणाला. दहा पावलं चालला. "हाही." थांबून दम घेतला. "हा फेलिक्सचा. तो डावखुरा होता, त्याच्या चिपा सगळ्या उलट्या बाजूने ठोकलेल्या असतात. बघ."

जोनेलने वाकून बघितलं. मोठ्या दगडांच्या मधे बसवलेल्या बोटाएवढ्या चपट्या चिपा खरंच उलट्या कलल्या होत्या.

"अरे देवा," ती म्हणाली. "आठ वर्षं इथे काम करतेय मी."

"नवाहो जमातीची आहेस तू. तुला कसं कळणार?" सिप्रियानोच्या डोळ्यांच्या कडा किंचित हलल्या. "आमच्या लोकांच्या भिंती, आणि राखायला नवाहो पोर. काय दिवस आलेत."

"तुम्ही गेलात की घर टाकून. मग शेजाऱ्यालाच बघावं लागतं." जोनेलने पेन्सिल कानामागे खोचली. "आणि शेजाऱ्यालाही काही सोपं नाही. संध्याकाळी घरी गेले की आजी मला दारातच उभी करते. मेलेल्यांच्या घरातून आलीस म्हणते. धुरी दिल्याशिवाय आत घेत नाही."

"मेलेल्यांच्या नाही म्हणावं. म्हाताऱ्यांच्या."

"सांगून बघितलं. म्हणते, म्हाताऱ्यांनापण धुरी देते मी."

वर्लीन हसली. आज पहिल्यांदाच. हसल्यावर तिच्या लक्षात आलं की जबडा सकाळपासून आवळलेला होता.

वारा सुटला. मे महिन्यातला वारा, वाळू घेऊन येणारा. खोऱ्याच्या दोन्ही बाजूंचे पिवळे कडे क्षणभर धुरकट झाले आणि पुन्हा दिसू लागले. एक डोमकावळा कड्याच्या कडेवरून तिरपा खाली घसरला. तिघं भिंतीला धरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होती. छपरं नव्हती, त्यामुळे प्रत्येक खोलीत वरून उन्हाचा एक चौकोन पडला होता. दारं बुटकी. सिप्रियानो प्रत्येक दारात न चुकता वाकायचा, जोनेल टोपी काढायची, आणि वर्लीनचं डोकं दोनदा आपटलं.

हा माझा. हाही माझा. म्हणता म्हणता त्याचा आवाज बारीक होत गेला. लाल रेघांनी कागद भरत गेले. जोनेल एक कागद उलटून दुसरा लावायची तेव्हा तो नजर दुसरीकडे वळवायचा. स्वतःच्या हाताने स्वतःची शेतं पेटवत चालावं, तसा तो चालत होता. घाई न करता, मधलं एकही न सोडता.

आतल्या ओळीतल्या तिसऱ्या खोलीत मात्र तो उंबऱ्यातच थांबला.

"ह्या खोलीत काही नाही," तो म्हणाला. "हे सगळं त्यांचंच."

"सगळं?"

"सगळं."

वर्लीनने त्याच्या खांद्यावरून आत बघितलं. समोर दोन भिंती जिथे मिळत होत्या, तिथे नेमकी कोपऱ्यात, छातीच्या उंचीवर एक लहान खिडकी होती. कोपरा कापून काढलेली, तिरकी. तिच्यातून पलीकडची खोली, तिच्यापलीकडचा कडा आणि आभाळाची एक निळी पट्टी, असं सगळं एका ओळीत दिसत होतं. खिडकीच्या दोन्ही बाजूंचे दगड इतके पातळ आणि इतके जवळ बसवलेले होते की भिंत विणल्यासारखी वाटत होती.

ही खिडकी तिने जन्मभर बघितली होती. गावच्या घरात, बाहेरच्या खोलीत, पोल्दोकाकाचा सैनिकी टोपीतला फोटो होता, आणि त्याच्या चौकटीत एक पिवळं पडलेलं पोस्टकार्ड खोचलेलं. कार्डावर ही खिडकी. खाली छापलेलं, हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्यांचं कौशल्य. असली कार्डं उद्यानाच्या दुकानात मिळायची. पोल्दोकाकाला ही जागा आवडत असेल, एवढंच तिला लहानपणी वाटायचं. तो युद्धावर गेला आणि पेटीतून परत आला, तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता.

ती वडिलांकडे बघत राहिली. तो काठीच्या टोकाने जमिनीवरचा एक खडा इकडून तिकडे करत होता.

जोनेलची पेन्सिल क्षणभर कागदावर टेकली, मग उचलली गेली.

"बरं," ती म्हणाली. "पुढे जाऊ."

जेवायला ती तिघं पहिल्या खोलीतल्या सावलीत बसली. वर्लीनने फडक्यातून भट्टीचा पाव काढला, डब्यातलं बटाट्याचं आणि हिरव्या मिरचीचं कालवण काढलं, आणि वडिलांपुढे वेगळा लहान डबा ठेवला.

"हे काय?"

"तुमचं. बिनमिठाचं. बटाटाही उकळून पाणी काढलेला."

सिप्रियानोने आपल्या डब्यातला पहिला घास काढून भिंतीतल्या एका पुढे आलेल्या दगडावर ठेवला. मग त्याकडे बघून म्हणाला, "त्यांना तरी मिठाचं द्यायचंस. त्यांना कसलं पथ्य?"

वर्लीनने आपल्या पावाचा तुकडा कालवणात बुडवून त्याच्या शेजारी ठेवला. जोनेलनेही जरा इकडे तिकडे बघून आपल्या मटणाच्या सँडविचचा एक कोपरा तोडला.

"आजीला सांगू नका," ती म्हणाली.

खाऊन झाल्यावर ती कागदांचा दुसरा गठ्ठा आणायला गाडीकडे गेली. तिच्या बुटांचा आवाज वाळूत विरला. वर्लीन डब्याची झाकणं लावत राहिली. एक झाकण लागत नव्हतं.

"बाबा, ती कार्डावरची खिडकी आहे."

तो चघळत राहिला. तोंडात काही नव्हतं.

"पोल्दोकाकाच्या फोटोपाशी आहे ती."

"बस चालवताना मागे पोरं काय करतात ते सगळं आरशात दिसत असेल, नाही तुला?"

"सगळं दिसतं. बोलत नाही मी सगळं."

त्याने काठी मांडीवर आडवी घेतली. मग सांगू लागला तेव्हा भिंतीकडे बघून सांगू लागला.

"ढासळली होती. नुसता ढिगारा होता तिथे. त्याने ते दगड उचलले, जमिनीवर ओळीने मांडले. चार दिवस नुसता मांडत बसला. मुकादम मला म्हणाला, तुझा भाऊ झोपा काढतो का? मी थोरला, मीच त्याला कामावर लावलेला. मला लाज वाटली. आणि वर त्याचं गाणं. आई मका दळताना म्हणायची ते.

दाणा निळा निळा, पाट्यावरी सांडला
डोंगराच्या माथी बाई, ढग कुणी मांडला

पुरुषासारखा पुरुष, आणि बायकांचं दळणाचं गाणं म्हणत भिंत बांधतोय. सगळे हसायचे. तोही हसायचा, आणि पुन्हा म्हणायचा. त्याचे दगड त्या गाण्यावर बसायचे. हे मला आता कळतं."

"मग?"

"मग मी सिमेंटची गोणी त्याच्यापुढे नेऊन टाकली. तर म्हणाला, दादा, घरच्या भिंतीला आपण दरवर्षी माती लावतो. लावावीच लागते. म्हणून सगळी एका दिवशी घरी येतात, आत्या येते, पोरं चिखल तुडवतात. हे लावलं की पुन्हा यायचंच नाही म्हणे. मग ह्यांच्याकडे यायचं कोणी?" सिप्रियानोने खालचा ओठ आत ओढला. "एकोणीस वर्षांचा होता. मी चिडलो. सगळ्यांच्या देखत म्हणालो, शहाणपणा शिकवू नकोस, मुकादम सांगतो तसं कर. तो 'बरं' म्हणाला. नंतर गाणं बंद. खिडकी पुरी झाली, सैन्याचं बोलावणं आलं, तो गेला."

वाऱ्याने दगडावरच्या घासांपैकी पावाचा तुकडा कलंडला. त्याने तो सरळ केला.

"पेटी उघडू दिली नाही आम्हाला. सीलबंद होती. आईने वरून हात फिरवला, लाकडावरून. त्याचं म्हणून हाताला लागेल असं जगात ही खिडकीच आहे, वर्लीन. लोक लांबून लांबून येतात, तिच्यापुढे उभे राहतात, फोटो काढतात. कुणाला माहीत नसेना का. मी सांगितलं की लाल रेघ. मग दगड उतरवून ओळीने मांडतील, आणि दुसरं कुणी तरी रचेल. चांगलंच रचेल. पण ते दुसऱ्या कुणाचं."

वर्लीनने हट्टी झाकण तसंच सोडून दिलं. तिला फार थकवा आला होता. बसचा, रस्त्याचा, मोजून भरलेल्या पाण्याचा, दर सोमवारी पहिल्यापासून सुरू होणाऱ्या सगळ्याचा. एका खिडकीने असं काय बिघडणार होतं?

"मग नका सांगू," ती म्हणाली. "माझ्या तोंडून काही जाणार नाही."

तिने ते मनापासून म्हटलं होतं. त्यानेही मान हलवली. मग काठी टेकून उठला, आणि ती हात द्यायला पुढे झाली तर म्हणाला, "बस तू. त्याला भेटून येतो."

पण ती मागोमाग गेलीच. जरा अंतर ठेवून, दारातच थांबली. त्याने खिशातून पिठाची चिमूट काढली, खिडकीखाली भिंतीच्या पायाशी ठेवायला हळूहळू वाकला, एक गुडघा टेकला, आणि तसाच राहिला.

"बाबा? चक्कर येतेय का?"

भिंतीच्या पायाशी बारीक पिवळ्या भुग्याची एक लांबट रास पडली होती. ताजी, स्वच्छ, पाट्याखाली पीठ पडावं तशी. वाऱ्याने आलेल्या वाळूत काडीकचरा असतो. हिच्यात काही नव्हतं. त्याने चिमूट सोडली तर पीठ त्या राशीत मिसळून गेलं, कुठलं पीठ आणि कुठला दगड ते कळेना. मग त्याने बोटं वर नेली. सर्वांत खालच्या थरांवर, त्यांच्या थरांवर, हात ठेवला. दगडाचा पापुद्रा पोळीच्या पदरासारखा सुटून त्याच्या तळव्यात आला. त्याच्या मागे ओल होती.

तो पापुद्रा त्याने दुसऱ्या हाताने झाकला. मघाशी ह्याच घराच्या उंबऱ्याशी त्याने स्वतःचं नाव सांगितलं होतं.

"वर्लीन," तो म्हणाला. "जोनेलला हाक मार."

ती आली तेव्हा तो उभा होता. त्याने तिच्या हातातून फळी घेतली, कागद उलटत ह्या खोलीचा फोटो काढला, आणि स्वतःच खिडकीभोवती रेघ ओढली. रेघ दोनदा तुटली. दोन्ही वेळा त्याने ती जोडून घेतली.

"हे त्यांचं नाही. माझ्या भावाचं आहे. लेओपोल्दो. आम्ही पोल्दो म्हणायचो. मी मघाशी खोटं बोललो."

जोनेलने टोपी काढली. कार्डावरची खिडकी तिलाही माहीत होती. दुकानात अजून तीच विकत होते. तिने खिडकीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि खिशातला पातळ सुरा काढला.

"खात्री करून घेते. एकच फट. चालेल ना, आजोबा?"

"कर."

तिने खिडकीच्या बाजूला, कोपऱ्यापाशी, एका फटीत सुऱ्याचं टोक घातलं आणि खरवडू लागली. तांबूस राखाडी कण पडत राहिले. सिमेंटच. सिप्रियानोने मान वळवली नाही. नखाएवढं खोल गेल्यावर सुरा अचानक मुठीपर्यंत आत घुसला. जोनेल दचकली. तिने तो बाहेर ओढला तेव्हा त्याच्याबरोबर तपकिरी काहीतरी सुटून खाली आलं, मऊ, कोरडं, पावाच्या चुऱ्यासारखं.

"आत माती आहे," ती म्हणाली.

"त्यांची असेल. जुनी."

तिने फोनचा दिवा लावला, डोळा फटीला लावला. करंगळी आत घातली, काहीतरी उकरून बाहेर काढलं, फुंकर मारली आणि तळहात त्याच्यापुढे धरला.

"त्यांच्या मातीत सोड्याच्या बाटलीचं झाकण नसतं, आजोबा."

गंजलेलं होतं. पण कडेला जांभळा रंग अजून होता. सिप्रियानोने ते डोळ्यांजवळ नेलं. द्राक्षाचा सोडा. दुसरा कुठला पोल्दोला आवडतच नव्हता.

आणि त्याला दिसलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे गाडीच्या सावलीत आडवे झालेले आणि पोल्दो ओढ्याच्या बाजूने येतोय, विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात डबा. कुठे उंडारत होतास, असं त्याने ओरडून विचारलं होतं. पोल्दो हसून भिंतीआड गेला होता. भिंतीआड सिमेंटची गोणी उघडी दिसायची. सिमेंट कमी होताना दिसायचं. थोरल्या भावाला तेवढं पुरलं होतं.

जोनेलने आणखी दोन फटी बघितल्या. तिन्हीत तेच. वरून नखाएवढं सिमेंट, मुकादमाला दिसण्यापुरतं. आत हातभर माती.

"खिडकी उतरवायला नको," ती म्हणाली. स्वतःलाच खरं वाटत नसल्यासारखं हळू म्हणाली. "ह्या दगडांना काही झालेलं नाही, बघा ना. फटींवरचं सिमेंट कोरून माती भरली की झालं. मात्र दरवर्षी यावं लागेल. माती दरवर्षी लागते."

"दरवर्षी," सिप्रियानो म्हणाला.

"पण मग..." ती खाली भुग्याच्या राशीकडे बघत होती. तिथून तिची नजर भिंतीवरून चढत वर गेली, खिडकीच्या वर, जिथे चार थर जरा जाड दगडांचे होते आणि रेघा बरगड्यांसारख्या वर आल्या होत्या. "पाणी तिथून उतरतंय. ते चार थर कुणाचे, आजोबा?"

वर्लीनने वडिलांचं कोपर धरलं. त्याने ते सोडवून घेतलं नाही.

"माझे," तो म्हणाला. "तो गेला तेव्हा वरचं उघडं राहिलं होतं. पावसाच्या आत बंद करायला म्हणून मी केले. चांगलं घट्ट केलं होतं."

बाहेरच्या वाटेवर पर्यटकांची एक टोळी आली होती, त्यातली एक बाई कुणाला तरी उन्हाची टोपी घाल म्हणून बजावत होती. आवाज जवळ आले आणि भिंतीच्या वळणाने पुन्हा लांब गेले.

सिप्रियानोच्या छातीतून काहीतरी निघालं. वर्लीनला वाटलं खोकला. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. पन्नास वर्षं मागे कुठेतरी ठेवलेलं ते हसू होतं, आणि त्याच्या म्हाताऱ्या तोंडाला ते नीट बसत नव्हतं.

"पोरटं 'बरं' म्हणालं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर 'बरं' म्हणालं, आणि माझं ऐकलंच नाही."

त्याने झाकण जोनेलच्या हातावर परत ठेवलं.

"जिथलं तिथे ठेव."

तिने ते फटीत सरकवलं. मग त्याने तिच्याकडून पुन्हा पेन्सिल मागून घेतली आणि खिडकीच्या वरच्या चार थरांभोवती रेघ ओढली, एका दमात.

"हे आधी काढा."

"ऑगस्टमध्ये घेऊ, आजोबा. आधी बाहेरची बाजू ठरली आहे, माणसं कमी आहेत."

त्याने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. तो वर बघत होता, कुठला दगड आधी सुटेल हे जोखत असल्यासारखा. हाताची बोटं आपोआप वळत होती.

वर्लीनने गाडीची किल्ली हातात घेतली होती. तीन तासांचा रस्ता, त्यातला एक तास पन्हाळी पत्र्याचा. येताना तिने मनाशी पक्कं केलं होतं, ह्या रस्त्यावर पुन्हा नाही.

"गुरुवारी मला मशीन नसते," सिप्रियानो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते त्याने सांगितलं नाही.

ती किल्ली दोन बोटांत धरून उभी राहिली. मग तिने ती जाकिटाच्या खिशात परत टाकली, उन्हाच्या चौकोनातून सावलीला सरकली आणि भिंतीपाशी जमिनीवर बसली.

"गुरुवारी मला बस असते, बाबा," ती म्हणाली. "शनिवारी येऊ."